मिस्त्रींनी तासलेलं दार

त्या गावात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर, आधी विचारायचं, "मग, केव्हा उठताय?" नव्या माणसाला वाटावं, सगळं गाव अंथरुणाला खिळलेलं आहे. तसं काही नव्हतं. गाव समुद्राकाठचं, लहानसं, आणि हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जिवावर जगणारं. सीझन सुरू झाला की समुद्राकडे तोंड असलेली प्रत्येक खोली पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीवर जायची, आणि एका आठवड्याला जे भाडं सुटायचं ते एरवी महिन्याला मिळायचं. म्हणून वर्षाचे बाकीचे ओले, धुकट महिने ज्यांनी त्या खोल्या झाडल्या-पुसल्या, त्या भाडेकरूंनी सीझनच्या तोंडावर गाशा गुंडाळायचा, अशी रीत होती. कुणी मागच्या गल्लीत मेहुण्याकडे जाई, कुणी कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणी दुकानाच्या माळ्यावर. यालाच उठणं म्हणत. यात कुणाला काही गैर वाटत नसे. लहानपणापासून दरवर्षी उठत आलेल्या माणसांना न उठण्याची कल्पनाच सुचत नाही.

मधलीला मात्र ती सुचली, कारण ती बाहेरची होती. घरात तिला मधली म्हणत आणि होतीही ती मधलीच. थोरली बहीण लग्न करून लांब गेलेली, धाकटा भाऊ मोठ्या शहरात नोकरीला. आई गेल्यावर वडील कुणाकडे राहणार हा विषय निघाला, तेव्हा थोरलीने सासूबाईंचं दुखणं सविस्तर सांगितलं, धाकट्याने आपलं घर किती अडचणीचं आहे ते हाताने मापं दाखवून समजावलं, आणि मधलीला कुणी विचारलंच नाही. मधल्यांना विचारत नाहीत, गृहीत धरतात. तिचा संसार मोडून बरीच वर्षं झाली होती, पदरात मूलबाळ नव्हतं, आणि केस कापणाऱ्या बाईला काय, कात्री-कंगवा कुठेही चालतो, असं सगळ्यांनी आपापल्या मनाचं समाधान करून घेतलं.

वडील सुतार. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, आईसुद्धा. उभा जन्म कोरड्या मुलखात गेला, जिथे आभाळ क्वचित ओलं व्हायचं आणि एरवी नुसती धूळ. आयुष्यभर त्यांनी रंधा मारला, गावाची दारं-खिडक्या-पलंग केले, आणि त्या लाकडाच्या भुशाने शेवटी त्यांच्याच छातीत घर केलं. दम्याने ते असे बेजार झाले की आडवं होणंच विसरून गेले. खुर्चीत बसून, पाठीला उशा लावून झोपायचे, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचे. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, पण जमलं तर यांना समुद्राच्या हवेत न्या. डॉक्टर असं सहज बोलून जातात, जसं काही समुद्र कोपऱ्यावरच आहे. मधलीने मात्र ते मनावर घेतलं. ओळखीपाळखीतून एका पार्लरमध्ये काम मिळवलं, घरातलं जे विकण्यासारखं होतं ते विकलं, जे नव्हतं ते वाटून टाकलं, आणि वडिलांना, त्यांच्या खुर्चीला आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीला घेऊन ती या गावात आली. पेटी आणायची नाही असं ठरलं होतं. ती सामानात कशी आली हे मिस्त्रींनाच माहीत.

घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ओट्यापाशी एकच माणूस उभं राहू शकेल एवढं स्वयंपाकघर, उलट्या बाजूला फिरणारा न्हाणीघरातला नळ, आणि पुढच्या खोलीला समुद्रावर उघडणारी बाल्कनी. घरमालकीण खालीच राहायची. साठी उलटलेली, नवरा जाऊन जमाना झालेला, गुडघे कुरकुरणारे आणि बोलणं मोजूनमापून. घर दाखवताना तिने नळ दाखवला, मीटर दाखवला आणि बाल्कनीचं लाकडी दार खांद्याने ढकलून उघडून दाखवलं. हे दार असंच आहे, खांदा लावायचा, असं सांगितलं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, घरातल्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही, असंही सांगितलं. आणि जिना उतरता उतरता, जणू किराणा आणायची आठवण करावी तसं म्हणाली, "सीझनआधी उठायचं."

मधलीने मान डोलावली. त्या वेळी सीझन फार लांब होता, आणि तिच्यापुढे प्रश्न होता तो आजचा दिवस कसा निभावायचा हा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी ती उठून पुढच्या खोलीत आली आणि जागच्या जागी थिजली. खुर्ची रिकामी होती. मिस्त्री पलंगावर होते, पाठीवर, उताणे, सरळ सपाट, हात छातीवर ठेवून. गेल्या कित्येक वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. माणसाला असं ठेवतात ते कधी, हे तिला ठाऊक होतं. आईला असंच ठेवलं होतं. ती पलंगाशी गेली आणि बोट तिने वडिलांच्या नाकाशी धरलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "काय गं?" ते म्हणाले. "नाकात काय घालतेस?"

ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मिस्त्रींना काही कळेना. चहा पिताना त्यांना हळूहळू उलगडा झाला की आपण रात्रभर आडवे झोपलो होतो. कप तसाच हातात धरून बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. त्या दिवशी पार्लरला जाताना मधलीने मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी इथून उठायचं नाही. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

पार्लर समुद्राच्या रस्त्यावर, दोन खुर्च्यांचं. ओल्या महिन्यांत गावातल्याच बायका यायच्या. एकदा घरमालकीणही आली. मधलीने तिचे केस धुतले, कापले आणि कात्री ठेवली. आरशात बघून घरमालकीण म्हणाली, हे लांबच राहिलेत. मधली म्हणाली, काकू, जरा थांबा. ओले केस असतात त्यापेक्षा लांब दिसतात. आत्ता हवे तेवढे कापले तर वाळल्यावर वर उडतील, आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. बोटभर सोडून कापायचं, वाळू द्यायचं, मग काय उरलंसुरलं ते बघायचं. केस वाळले आणि बरोबर मानेवर टेकले. घरमालकीण आरशात इकडून तिकडून बघत राहिली आणि म्हणाली, "हं." पार्लरवाली नंतर म्हणाली की या बाईच्या तोंडून इतकी स्तुती तिने जन्मात ऐकली नव्हती.

आता इकडे घरी काय चाललं होतं ते ऐका.

श्वास मोकळा झाल्यावर मिस्त्रींना काम सुचायला लागलं, आणि काम नसलेल्या सुतारासारखा धोकादायक प्राणी दुसरा नाही. ते खोलीत फिरत, चौकटींवर नख वाजवून बघत, कपाटाच्या बिजागऱ्यांना नावं ठेवत. एक दिवस धुक्यात ते बाल्कनीत गेले, हवेने दार मागून ओढलं गेलं आणि असं घट्ट बसलं की काही केल्या हलेना. कडी धरून ओढून झालं, लाथ मारून झाली. खाली घरमालकिणीला हाक मारली असती तर ती आली असती. पण जन्मभर दारं केलेल्या माणसाने दाराने कोंडलं म्हणून हाका मारायच्या? मिस्त्री तसेच बसले, भुरभुर पावसात, संध्याकाळी मधली येईपर्यंत. तिने येऊन दार ढकललं तेव्हा ते गारठून निळे पडले होते, पण तोंडातून शब्द नाही. अपमान झाला की ते असेच गप्प होत.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्याबरोबर त्यांनी पेटी उघडली. दार बिजागऱ्यांतून उतरवलं, टेकवलं आणि रंधा मारला. किती दिवसांनी हातात रंधा आला होता. लाकडाचा पातळ कीस वळत वळत पायाशी पडत होता आणि छाती कुरकुर करत नव्हती. त्या आनंदात त्यांनी जरा जास्तच रंधा मारला. मधली घरी आली तर मिस्त्री दाराशी उभे, चेहरा उजळलेला. म्हणाले, एक बोट लाव. तिने बोट लावलं आणि दार आपसूक उघडलं. पुन्हा लाव, बंद होईल. झालं. ती आधी घाबरली, कारण कशालाही हात लावायचा नाही हे तिला आठवत होतं. पण वडिलांचा चेहरा बघून तिचं रागवायचं राहून गेलं. घरमालकीण गुडघ्यांमुळे सहसा वर येत नसे. आणि खरं सांगायचं तर दार छान झालं होतं. ओले महिने दोघांनी त्या दाराचं सुख उपभोगलं. मिस्त्री दिवसातून कैकदा आत-बाहेर करत, काम नसतानाही.

मिस्त्रींची चूक कुठे झाली हे इथल्या शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पण त्यांना कोण सांगणार, आणि ते कुणाचं ऐकणार? त्यांच्या मुलखात लाकूड वर्षभर कोरडंच. तिथे दार अडलं म्हणजे दार मोठं झालं, एवढाच अर्थ. इथे दार अडतं ते हवेने फुगून, आणि हवा बदलली की ते आपोआप आकसतं.

हवा बदलली. सीझनच्या थोडं आधी त्या गावात किनाऱ्याने आडवा, कोरडा वारा सुटतो. चादरी बघता बघता वाळतात, ओठ फुटतात, आणि गावभर रंगाचे डबे उघडतात. त्या वाऱ्याने मिस्त्रींचं दार रोज थोडं थोडं अंग चोरायला लागलं. आधी चौकटीशी उजेडाची रेघ दिसली. मग त्या फटीतून वाळू आत आली. मग एका दुपारी दाराने शीळ घातली. पुढचे दात पडलेल्या माणसाने शीळ घालायचा प्रयत्न करावा, तसा तो आवाज. वारा वाढला की आवाज चढायचा. अंथरुणात वाळू, चहात वाळू, आणि कानात ती शीळ.

मिस्त्रींनी फटीत बोट घातलं. सहज गेलं. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. ते खुर्ची वळवून दाराकडे पाठ करून बसले.

मधलीने मात्र तोंडसुख घेतलं. ती म्हणाली, कात्री हातात घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं की ओल्या केसांवर शेवटची कात्री चालवायची नाही. एवढी अक्कल मला असेल, तर जन्मभर सुतारकी करून तुम्हाला का नसावी? मिस्त्री उलट बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. एवढा मोठा माणूस पोरासारखा मान खाली घालून बसलेला तिला बघवेना, आणि मग तीच अपराध्यासारखी चहा ठेवायला निघून गेली.

आता सगळीकडून कोंडी झाली. पार्लरवाली म्हणत होती की राहू द्या म्हणून विचारायचंय ना, मग आत्ताच विचार, नंतर वेळ राहणार नाही. धाकट्याला फोन केला तर तो म्हणाला, बाबांना आणायला माझी काही हरकत नाही, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात घडीचा पलंग टाकू. फक्त शेजारी इमारत पाडण्याचं काम चालू आहे, तेवढी धूळ असते. मधलीने फोन ठेवला. तिला डोळ्यांपुढे ती खुर्ची दिसली आणि पाठीला लावलेल्या उशा दिसल्या.

मग तिने एक बेत केला. फट झाकायची. पार्लरमधले जुने टॉवेल फाडून त्यांच्या पट्ट्या दारात गच्च कोंबल्या आणि वरून जाड पडदा सोडला. शीळ थांबली. आधी घरमालकिणीला राहायचं विचारू, ती हो म्हणाली की मग दाराचं सांगू, असं तिने वडिलांना बजावलं. मिस्त्री म्हणाले, मी स्वतः जाऊन सांगतो, माझी चूक आहे. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा, तुमच्या हातून जे व्हायचं ते झालंय.

घरमालकीण केस कापायला आली तेव्हा मधलीने मुद्दाम कात्री हातात घेऊन विषय काढला. कात्रीखाली बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. तिने वडिलांचा दमा सांगितला, ते आडवे झोपतात ते सांगितलं, भाडं थोडं वाढवून देईन म्हणाली. घरमालकिणीने सगळं ऐकून घेतलं. मग आरशातूनच म्हणाली, "इथे सगळे उठतात, मुली. मीही नवऱ्याबरोबर दरवर्षी उठायचे, हे घर माझं होईपर्यंत." वर असंही सांगितलं की येत्या रविवारी दुपारी पाहुणे खोली बघायला येणार आहेत, जरा आवरून ठेव. मधलीचे हात चालू राहिले, पण आपण काय कापतोय ते तिला दिसत नव्हतं.

पाहुणे म्हणजे एक वयस्कर जोडपं. सीझनचे पहिले आठवडे दरवर्षी त्यांचेच, पण खोली आधी बघूनच ते पक्की करत, आणि ते घरी जाऊन जे सांगत त्यावर त्यांच्या भाऊबंदांचे पुढचे आठवडे ठरत. थोडक्यात, हे दोघं खूश तर सगळा सीझन खिशात. रविवारी ते घरमालकिणीबरोबर जिना चढून आले. गृहस्थांच्या हातात एक खोकं होतं. त्यात पाहुण्यांचे कप. गावातल्या प्रत्येक मालकिणीकडे असं एक खोकं असतं. एरवीच्या महिन्यांत भाडेकरू वाटेल त्यात चहा पितो, आणि सीझन आला की चांगले कप वर येतात. खोकं वर आलं म्हणजे भाडेकरूने काय ते समजायचं. ते खोकं गृहस्थांनी टेबलावर ठेवलं.

पाहुण्या बाईंची झोप म्हणे फार सावध. त्या पलंगावर बसून बघत होत्या, उशी दाबून बघत होत्या. बाहेर वारा चांगलाच सुटला होता, पण आत चिडीचूप. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, दुसरीकडे सगळीकडे दारं-खिडक्या वाजतात, इथे किती शांत आहे, आणि पडद्यामागचं हे दार यंदा कसं छान बसलंय, आवाजसुद्धा नाही, कुणी नीट केलं? घरमालकीण म्हणाली, जुनंच आहे.

मिस्त्री कोपऱ्यात खुर्चीवर होते. मधली त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून तिला आधी कळलं. त्यांचे कान लाल झाले. वाईट कामाला कुणी चांगलं म्हणालेलं त्यांना कधी सोसलं नव्हतं. ग्राहक कौतुक करत असताना हेच मिस्त्री, इथे सांधा कच्चा राहिलाय बघा, असं सांगून आपलं पोट मारून घ्यायचे. आई कपाळावर हात मारायची. मधलीने डोळ्यांनी नको नको म्हटलं. मिस्त्री उठले, पडदा सारला आणि टॉवेलच्या पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या.

दाराने शीळ घातली. इतके दिवस कोंडलेली, जोरात. वाळूची एक झुळूक आली आणि पाहुण्या बाईंच्या मांडीवर पसरली.

"दार चांगलं होतं," मिस्त्री घरमालकिणीला म्हणाले. "मी बिघडवलं. ओल्या दिवसांत रंधा मारला. मुलीने झाकलं ते माझ्यापायी, तिला बोलू नका."

पाहुणे सभ्य होते. त्यांनी मांडीवरची वाळू झटकली, समुद्राची स्तुती केली आणि कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. घरमालकीण त्यांना सोडायला खाली गेली. खोकं टेबलावरच राहिलं.

बापलेक बसून राहिले. मधलीला खूप राग यायला हवा होता, आणि तिला तो शोधूनही सापडेना. उलट इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. तिने नजरेनेच सामान बांधायला घेतलं. आधी भांडी, मग कपडे, खुर्ची शेवटी. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, थांबणं, कठड्याचा आवाज, पुन्हा एक पाऊल. घरमालकीण एका दिवसात दुसऱ्यांदा वर येत होती.

ती आली आणि मिस्त्रींच्याच खुर्चीत बसली. थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. मग दाराची शीळ ऐकत विचारलं, "नवं दार किती दिवसांत होईल?"

मधलीच्या कानात वडिलांचं उत्तर आधीच वाजलं. तिच्या लहानपणापासून दुकानात प्रत्येक ग्राहकाला तेच उत्तर मिळे: आठ दिवस. पाळणा असो की माडीचा जिना, आठ दिवस. आणि आताही ते तसंच म्हणणार. आठ दिवसांत दार होईल, पाहुण्यांना बोलावणं जाईल आणि आपण उठू. बरं, होत नाही म्हणावं तर घरमालकीण दुसरा सुतार बघेल. तेव्हाही आपण उठूच.

मिस्त्री चौकटीशी गेले. नखाने टकटक केलं, हात फिरवला. "वर्ष लागेल," ते म्हणाले.

"वर्ष? मिस्त्री, दार करायचंय, जहाज नाही."

मधलीला क्षणभर वाटलं, वडील तिच्यासाठी चलाखी करताहेत. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की चलाखी त्यांच्या स्वप्नातही नाही. ते लाकडाबद्दल बोलत होते, आणि लाकडाबद्दल ते 'आठ दिवस' एवढं सोडून कधी खोटं बोललेले नव्हते.

"आठ दिवसांत देऊ शकतो," मिस्त्री म्हणाले. "पण ते ओल्यात पुन्हा अडेल, आणि पुन्हा कुणीतरी माझ्यासारखा शहाणा रंधा घेऊन उभा राहील. लाकूड आणायचं, फळ्या करायच्या आणि याच खोलीत उभ्या करून ठेवायच्या. ओल्या महिन्यांत किती फुगतात ते बघायचं, या वाऱ्यात किती आकसतात ते बघायचं. मग कापायचं. मी इथे आलो आणि इथली हवा बघायच्या आधीच हत्यार उचललं, बाई. तेवढंच चुकलं."

"फळ्या खाली माझ्याकडे ठेवल्या तर?"

"मग त्यांना खालचीच सवय लागेल."

घरमालकीण दाराकडे बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की पाहुण्यांच्या खोलीत काही फळ्या उभ्या करून ठेवता येत नाहीत.

घरमालकिणीने मग एवढं बोलून टाकलं, जेवढं ती वर्षभरात बोलली नसेल. म्हणाली, सीझनमध्ये दर आठवड्याला हा जिना चढून चादरी बदलायच्या, न्हाणीघर धुवायचं, चौकशा ऐकायच्या, माझ्याने आता होत नाही. पण सगळे करतात म्हणून करते. म्हणाली, वर कुणी चालत असलं की मला खाली रेडिओ लावावा लागत नाही. आणि मिस्त्रींकडे वळून म्हणाली, "पहिल्या महिन्यात तुमचा खोकला खाली ऐकू यायचा. मग यायचा बंद झाला. मला वाटलं, संपले. मी जिन्यात उभी राहून कान लावला. तर तुम्ही आत गाणं गुणगुणत होता, आणि तेही बेसूर."

मिस्त्री लाजले. मधलीने वडिलांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

घरमालकीण गुडघ्यांवर हात टेकून उठली. भाड्याचं आपण बसून ठरवू, फुकट काही राहू देणार नाही, असं तिने बजावलं. लाकडाचा खर्च मिस्त्रींच्या अंगावर, हेही सांगितलं. मग टेबलाकडे बोट दाखवून मधलीला म्हणाली, "ते खोकं खाली घेऊन चल. मला झेपत नाही."

मधलीला आधी उमगलंच नाही. तिने खोकं उचललं, आतले कप किणकिणले, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कप खाली चाललेत. सीझनच्या तोंडावर या गावात कप खाली जाताना कुणी पाहिले नसतील. तिचे डोळे भरून आले. जिन्याच्या पायऱ्या दिसेनात, म्हणून ती घरमालकिणीच्या मागे तिच्याच चालीने उतरली, एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल.

खाली पोहोचल्यावर घरमालकीण म्हणाली, "आणि वडिलांना सांग, माझ्या बाकीच्या दारांना हात लावायचा नाही."

"आणि नव्या दाराला, काकू?"

"त्याला लावायचा," ती म्हणाली. "पण सावकाश."

मधली बाहेर अंगणात जरा वेळ उभी राहिली. रस्त्याने पार्लरवाली भाजीची पिशवी घेऊन चालली होती. तिने सवयीने लांबूनच विचारलं, मग, केव्हा उठताय? मधली म्हणाली, दार झालं की. पार्लरवालीला काही अर्थबोध झाला नाही. उद्या सांगते, असं म्हणून मधली जिना चढून वर आली.

खोलीत वारा भरला होता आणि दार जोरात शीळ घालत होतं. खुर्ची रिकामी होती. मिस्त्री पलंगावर सरळ सपाट झोपले होते, हात छातीवर ठेवून, केसांत वाळू. मधली दोन मिनिटं उभी राहून बघत होती. या वेळी तिने नाकाशी बोट धरलं नाही. पडलेल्या पट्ट्या गोळा करून तिने पुन्हा फटीत बसवल्या, म्हणजे त्यांची झोपमोड होणार नाही, आणि ती चहा ठेवायला गेली.